होडीने ईस्ट न्यूकला: अँस्ट्रदर आणि शेजारच्या मासेमारी बंदरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या या किनाऱ्याविषयीचे हे प्रश्न तीन प्रकारच्या मंडळींकडून येत राहतात. काही मुलांकडे एडिनबरा-ग्लासगोला आलेले आईवडील असतात, काही ब्रिटनमध्ये राहून शिडाची होडी शिकलेले, आणि काही समुद्र अंगात मुरलेले कोकणातले लोक. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे शेवटी. एकच वाचायला वेळ असेल तर प्रश्न ३ वाचा.

१. ईस्ट न्यूक म्हणजे नेमकं कुठे? एकच गाव आहे का?

एडिनबराच्या उत्तरेला फर्थ ऑफ फोर्थ ही रुंद खाडी आहे. तिच्या पलीकडच्या किनाऱ्याला फाइफ म्हणतात आणि फाइफचा पूर्वेकडचा कोपरा म्हणजे ईस्ट न्यूक. पश्चिमेकडून निघालात की एली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रदर आणि क्रेल अशी पाच गावं ओळीने लागतात. एलीपासून क्रेल रस्त्याने साधारण १६ किलोमीटर. प्रत्येक गावाला दगडी धक्क्यांनी वेढलेलं स्वतःचं छोटं बंदर आहे. त्यांत अँस्ट्रदर सर्वांत मोठं, पण तेही दहा मिनिटांत चालून होतं.

२. आमच्याकडे होडी नाही. तरी समुद्रातून बंदर बघता येईल का?

येईल. अँस्ट्रदरहून आइल ऑफ मे या बेटावर प्रवासी बोटी जातात (बेटाविषयी प्रश्न ५). गाव मागे सरकताना आणि परतताना पुन्हा जवळ येताना जे दिसतं, त्यासाठीच ही फेरी करावी असं मला वाटतं. धक्क्याच्या टोकावरचा चाल्मर्स दीपस्तंभ १८८० सालचा आहे. तो कशासाठी तिथे उभा आहे, हे किनाऱ्यावरून कळत नाही, पाण्यातून लगेच कळतं.

एडिनबराहून थेट अँस्ट्रदरला जाणारी बोट मात्र नाही. रेल्वेने लेव्हनपर्यंत जा. हा मार्ग पन्नासहून जास्त वर्षं बंद होता आणि जून २०२४मध्ये प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाला. लेव्हनहून किनाऱ्याने जाणारी बस मिळते.

३. बोटीची वेळ रोज वेगळी का? काल सकाळची होती, पुढच्या आठवड्यात दुपारची दाखवतात.

कारण ओहोटीला या बंदरात पाणीच उरत नाही. उधाणाच्या दिवसांत फर्थ ऑफ फोर्थमध्ये भरती आणि ओहोटीच्या पातळीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरती-ओहोटीत, तो निम्म्यावर येतो. सकाळी धक्क्याच्या कडेशी उंच तरंगणारी होडी दुपारी खाली चिखलात बसलेली दिसते. शेजारच्या क्रेल, सेंट मोनन्स आणि एलीची गतही तीच.

म्हणून इथे सगळ्यांचा दिवस भरतीच्या वेळेवर बांधलेला असतो. पूर्ण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तशा फेऱ्याही सरकतात. विमानाचं तिकीट, हॉटेल, बस यांच्या आधी त्या तारखेची भरतीची वेळ बघा. बहुतेक लोक हे उलट करतात आणि मग रिकाम्या बंदराकडे बघत उभे राहतात. यूके हायड्रोग्राफिक ऑफिसच्या ईझीटाइड सेवेवर पुढच्या काही दिवसांच्या वेळा फुकट मिळतात.

एक सावधगिरी. छापील भरती कोष्टकं बहुधा ग्रिनिच वेळेत असतात. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा कोष्टकातल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. ॲपमध्ये हा तास आधीच मिळवलेला आहे की नाही, तेही तपासा. सुकलेल्या बंदरात एका तासाची चूक म्हणजे तळाला टेकलेली होडी.

४. आमच्याकडे नाखवा तिथीवरून भरती सांगतो. तिथेही तसं सांगता येतं का?

येतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला विशेष आनंद होतो. चंद्र तोच आहे, फक्त ठिकाणानुसार वेळ बदलते. मुंबईच्या आसपास पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते. अँस्ट्रदरला त्याच तिथ्यांना ती उन्हाळी घड्याळाप्रमाणे दुपारी तीन ते चारच्या दरम्यान येते आणि तशीच रात्री तीन-चारला. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सकाळी नऊ-दहाला आणि रात्री नऊ-दहाला बंदर रिकामं असतं. अष्टमीच्या सुमारास हे उलटतं. तेव्हा भरती सकाळी आणि संध्याकाळी येते, पण पाणी कमी चढतं.

सर्वांत मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला नाही, एक-दोन दिवसांनी येतं. हे सगळं अंदाज बांधण्यापुरतं. होडी आत न्यायची तर कोष्टकच बघायचं.

५. आइल ऑफ मे बेटावर काय आहे? कधी जावं?

पफिन बघायला जावं. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत हे रंगीत चोचीचे पक्षी बेटावरच्या बिळांमध्ये पिल्लं वाढवतात, हजारो जोड्या. मे आणि जून सर्वांत चांगले. ऑगस्ट उजाडला की ते समुद्रात निघून जातात. "ऑगस्टमध्ये आलो आणि एकही दिसला नाही" अशी पत्रं दर वर्षी येतात. बेट जेमतेम पावणेदोन किलोमीटर लांब आहे, १९५६पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि नेचरस्कॉट ही सरकारी संस्था त्याची काळजी घेते. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च तिथे उतरता येत नाही, कारण शरद ऋतूत करड्या सीलची पिल्लं तिथे जन्मतात.

मधोमध दिसणारी गढीसारखी इमारत म्हणजे रॉबर्ट स्टीव्हन्सनने १८१६मध्ये बांधलेलं दीपगृह. त्याच्या शेजारी १६३६च्या दीपस्तंभाचा उरलेला भाग आहे. त्यावर कोळसा पेटवून उजेड करत. स्कॉटलंडमधला हा पहिला दीपस्तंभ.

फेरीत बेटावर साधारण अडीच-तीन तास मिळतात. शौचालय आहे, खाण्याचं दुकान नाही, तेव्हा डबा आणि पाणी न्या. मे ते जुलै डोक्यावर टोपी हवीच. उतरण्याच्या जागेजवळ आर्क्टिक टर्न पक्षी घरटी करतात आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात. निघण्यापूर्वी पिशव्या उघडून आत उंदीर किंवा किडे नाहीत ना ते बघा. हे खरंच करा. जमिनीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या बेटावर उंदीर पोचले तर वसाहत संपायला वेळ लागत नाही.

६. स्वतःच्या किंवा भाड्याच्या होडीने जायला परवाना लागतो का?

खासगी मौजेची होडी ब्रिटनच्या समुद्रात चालवायला कायद्याने परवाना लागत नाही. याचा अर्थ शिक्षण नको असा कुणी घेऊ नये. भाड्याने होडी देणारे अनुभव आणि प्रमाणपत्र मागतात, बहुधा आरवायए (रॉयल यॉटिंग असोसिएशन) या संस्थेचं डे स्किपर. व्हीएचएफ रेडिओ वापरायला मात्र चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि होडीचा रेडिओ परवाना दोन्ही लागतात. खाडीत ग्रेंजमाउथ, रोसाइथ आणि हाउंड पॉइंटकडे मोठी जहाजं ये-जा करतात. त्यांची वाहतूक चॅनल ७१वर ऐकत राहावी.

७. पाचांपैकी कोणत्या बंदरात होडी न्यावी?

पाहुण्यांसाठी अँस्ट्रदर. तरंगते धक्के आहेत, बंदर फाइफ काउन्सिल चालवते, रात्रीचं भाडं द्यावं लागतं आणि जागा आहे का हे आधी फोन करून विचारावं लागतं.

पिटनवीम हे आजही खऱ्या अर्थाने मासेमारीचं बंदर आहे. लँगोस्टीन (शेवंडीच्या जातीतलं, कोळंबीएवढं), खेकडे, शेवंड तिथे उतरतात आणि धक्क्यावर मासळी बाजाराची इमारत आहे. मौजेच्या होड्यांना तिथे प्रोत्साहन देत नाहीत आणि मला ते योग्य वाटतं. तिथली जागा पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्यांची आहे. अँस्ट्रदरहून किनाऱ्याच्या पायवाटेने अर्ध्या तासात चालत जा आणि धक्क्यावरून बघा. ऑगस्टमध्ये तिथे कला महोत्सव असतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते.

क्रेल दिसायला सर्वांत देखणं, आत शिरायला सर्वांत अरुंद. कमी खोलीची होडी आणि शांत हवा असेल तरच. सेंट मोनन्समध्ये डेव्हिड दुसऱ्याने १३६०च्या दशकात बांधलेलं चर्च अगदी समुद्राच्या कडेला उभं आहे. होडीतून पश्चिमेकडून येताना आधी तेच दिसतं. तिथल्या नागमोडी बांधावर लाटा चढत असताना फोटोसाठी जाऊ नका. एलीचं बंदर वाळूवर सुकतं. तिथे ओहोटीच्या वाळूवर गावातल्या पबचा संघ क्रिकेट खेळतो, सामन्याची वेळ अर्थातच समुद्र ठरवतो.

८. आत शिरायची नेमकी वेळ कशी ठरवायची?

अँस्ट्रदरसाठी साधा हिशेब असा: पूर्ण भरतीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास. चढत्या पाण्यात शिरा. उतरत्या पाण्यात तळाला टेकलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, मग एक. पाच मीटरच्या उधाणात मधल्या एका तासात सव्वा मीटर पाणी बदलतं, म्हणजे मुलाच्या उंचीएवढं. म्हणून "अजून अर्धा तास आहे" हे वाक्य मधल्या तासांत फार महाग पडतं.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. कोष्टकातली पातळी सरासरी हवेच्या दाबासाठी असते. दाब एक मिलिबारने वाढला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर खाली बसतं. उन्हाळ्यातल्या स्वच्छ, जास्त दाबाच्या दिवसांत कोष्टकापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर पाणी कमी मिळू शकतं. हवा सुंदर असते तेव्हाच हे घडतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

९. ओहोटीत होडी तळाला टेकली तर मोडणार नाही का?

ते होडीच्या बांधणीवर आहे. कील म्हणजे तळाखाली उतरलेली जड फळी. दोन कीलची होडी आपल्या पायांवर उभी राहते आणि अशा बंदरांसाठी तीच उत्तम. एकाच खोल कीलची होडी मऊ चिखलात रुतून सरळ राहू शकते, पण टणक तळावर आडवी पडते. तिला बाजूचे आधारखांब लावावे लागतात किंवा धक्क्याला टेकवून, किंचित धक्क्याकडे कलती ठेवून उभी करावी लागते. बंदरात तळ सगळीकडे सारखा नाही. कुठे चिखल, कुठे दगड, हे बंदराधिकाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. आपली होडी पाण्याखाली किती जाते आणि किती कीलची आहे, हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा.

१०. धक्क्याला बांधताना काय लक्षात ठेवावं?

दोर लांब हवेत. पुढचा आणि मागचा दोर होडीच्या लांबीच्या निदान दीडपट ते दुप्पट लांब आणि दूरवर बांधलेला. भरतीला आखूड बांधून जेवायला गेलात तर ओहोटीत होडी दोरांवर लटकते. जुन्या दगडी भिंती खडबडीत असतात, म्हणून फेंडरच्या (होडीच्या कडेला टांगलेल्या उशांच्या) बाहेरून एक आडवी फळी टांगावी. ओहोटीला वर चढायचं तर भिंतीतली लोखंडी शिडी. ती शेवाळलेली आणि चार-पाच मीटर उंच असते. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर चढउतार भरतीच्या आसपासच ठेवा.

मच्छीमाराच्या बोटीला बाजूने बांधायची वेळ आली तर आधी परवानगी घ्या आणि ती किती वाजता निघणार ते विचारा. उत्तर "पहाटे तीन" असेल तर तीनला तुम्ही उठून दोर सोडायचे. त्यांच्या डेकवरून जाताना पुढच्या भागातून जा, केबिनमध्ये डोकावू नका, जाळ्यांवर आणि पिंजऱ्यांवर पाय देऊ नका. या किनाऱ्यावरच्या जुन्या मच्छीमारांत बोटीवर डुकराचं, सामन माशाचं किंवा पाद्र्याचं नाव काढणं अशुभ मानत. आता सगळेच मानत नाहीत, पण ज्याच्या बोटीवर उभे आहोत त्याचा मान राखायला काही लागत नाही.

११. पाण्यात जागोजागी दिसणारे बोये कसले?

शेवंड आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे. तळाशी पिंजऱ्यांची माळ असते आणि तिच्या टोकांचे दोर वर बोयाला बांधलेले असतात. उतरत्या पाण्यात सैल दोर पृष्ठभागावर लांब तरंगतो. तो प्रोपेलरच्या पंख्यात अडकला की इंजिन बंद, आणि मच्छीमाराचे पिंजरेही गेले. एक माणूस पुढे उभा करा, बोयाच्या ज्या बाजूने प्रवाह येतो ती बाजू टाळा, आणि या किनाऱ्याला रात्री जवळून जाऊ नका. अडकलाच तर पाण्यात उतरून सोडवायचा मोह नको (कारण प्रश्न १३).

१२. उन्हाळ्यात हवा छानच असेल ना?

जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो, हे मोठं सुख. पण दोन गोष्टी सांभाळा.

पहिली म्हणजे हार, इथलं समुद्री धुकं. वसंतात आणि उन्हाळ्यात उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून सरकताना तयार होतं आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतं. एडिनबरात ऊन असताना अँस्ट्रदरचा धक्का दिसेनासा होऊ शकतो.

दुसरी म्हणजे पूर्व आणि आग्नेयेचा वारा. ही बंदरं त्या दिशेला उघडी आहेत, लाट थेट तोंडाशी फुटते. पश्चिमेच्या वाऱ्यात जमिनीचा आडोसा मिळतो, त्यामुळे वेगाचा तोच आकडा पश्चिमेचा असेल तर चालतं, पूर्वेचा असेल तर नाही. अंदाजात वेगाआधी दिशा वाचा. बंदरात शिरता येणार नाही असं दिसलं तर बाहेर घिरट्या घालण्यापेक्षा खाडीत आत जा. साउथ क्वीन्सफेरीच्या पोर्ट एडगर मरिनात भरती-ओहोटी दोन्ही वेळी शिरता येतं. एवढा वळसा घेण्याइतकं इंधन आणि दिवस हाताशी ठेवूनच निघा.

१३. आम्हाला पोहता येतं. लाईफ जॅकेट तरी हवंच का?

हवंच. कोकणातल्या समुद्रात तासभर डुंबणाऱ्याला हे पाणी ओळखीचं नाही. हिवाळ्याच्या शेवटी ते पाच-सहा अंशांवर असतं आणि ऑगस्टमध्येही तेरा-चौदाच्या आसपास. अशा पाण्यात पडताक्षणी श्वास अनावर होतो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं, आणि काही मिनिटांत हातपाय साथ सोडतात. पोहण्याचं कौशल्य वापरण्याची संधीच मिळत नाही. पडलात तर आधी धडपड न करता तरंगत राहा आणि श्वास जागेवर येऊ द्या.

संकटात व्हीएचएफ चॅनल १६, किंवा फोनवरून ९९९ लावून कोस्टगार्ड मागा. अँस्ट्रदरला १८६५पासून आरएनएलआय (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) या संस्थेचं जीवरक्षक नौकेचं केंद्र आहे. नौकेवर जाणारे बहुतेक सगळे गावातलेच स्वयंसेवक असतात, संस्था देणग्यांवर चालते आणि वाचवण्याचे पैसे घेत नाही. धक्क्यावर त्यांची पेटी दिसली तर रिकाम्या हाताने पुढे जाऊ नका.

१४. गळ टाकून मासे पकडता येतील का? शेवंड?

समुद्रात काठी आणि गळाने घरापुरते मासे पकडायला स्कॉटलंडमध्ये परवाना लागत नाही. उन्हाळ्यात बांगड्याचा युरोपीय भाऊबंद मॅकरेल भरपूर मिळतो. सामन आणि समुद्रात जाणाऱ्या ट्राउटचे नियम वेगळे आणि कडक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मासेमारीचा परवाना नसलेल्या होडीला दिवसाला एक शेवंड, पाच खेकडे आणि दहा लँगोस्टीन एवढीच मुभा आहे, आणि विकायची तर बिलकुल नाही. अंड्यांवरची शेवंड परत पाण्यात. दुसऱ्याचा पिंजरा उचलणं ही चोरी आहे.

१५. ताजी मासळी धक्क्यावर विकत मिळते का? हर्णैसारखा लिलाव बघता येईल का?

हर्णैच्या किनाऱ्यावरचा गलका डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. बरीचशी पकड थेट व्यापाऱ्यांकडे जाते, लँगोस्टीन तर मोठ्या प्रमाणावर स्पेन-फ्रान्सकडे. क्रेलच्या बंदरावर उन्हाळ्यात शेवंड आणि खेकडा शिजवून देणारी टपरी असते. बाकी गावांत मासळीची दुकानं आणि फिश अँड चिप्स. इथे चिप्सबरोबर कॉडपेक्षा हॅडॉक खातात, तोच मागा.

१६. घरातले काही जण शाकाहारी आहेत. चिप्स तरी चालतील ना?

विचारल्याशिवाय खाऊ नका. या किनाऱ्यावरची अनेक नावाजलेली दुकानं चिप्ससुद्धा बैलाच्या चरबीत तळतात. "कशात तळता?" असं सरळ विचारा, लोक प्रामाणिकपणे सांगतात. वनस्पती तेल वापरणारी दुकानंही आहेत, पण तिथेही मासे आणि चिप्सची कढई एकच असू शकते. गावातल्या कॅफेत भाज्यांचं सूप आणि ब्रेड मिळतो. सुपाचा रस्सा मांसाचा आहे का, तेही विचारा.

१७. हवेमुळे बोट रद्द झाली. आता दिवसभर काय करायचं?

अँस्ट्रदरच्या धक्क्यासमोर स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे, १९६९पासून. बाहेरून छोटं दिसतं, आत दोन-तीन तास सहज जातात. हेरिंग या माशाच्या भरभराटीच्या काळात बंदरोबंदरी फिरून मासे साफ करणाऱ्या बायकांची दालनं चुकवू नका. कोळीवाड्यात वाढलेल्यांना ते हात ओळखीचे वाटतील. संग्रहालयाकडे १९०२ साली बांधलेली 'रीपर' ही शिडाची हेरिंग नौका आहे. तीही समुद्रावर जाते, त्यामुळे त्या दिवशी बंदरात असेलच असं नाही. त्यानंतर पिटनवीमपर्यंत चाला.

१८. नॉर्वेहून किंवा हॉलंडहून होडीने आलो तर भारतीय पासपोर्टवर उतरता येईल का?

विमानाने यायला जो व्हिसा लागतो तोच लागतो. छोट्या गावाच्या बंदरात खिडकी आणि शिक्का घेऊन कुणी बसलेलं नसतं, म्हणून नियमही नाही असा गैरसमज फार आहे. होडीच्या कप्तानाने निघण्यापूर्वी बॉर्डर फोर्सला ऑनलाइन माहिती द्यायची असते, त्यात प्रत्येकाचा पासपोर्ट तपशील असतो. ब्रिटनच्या बारा मैलांच्या हद्दीत शिरल्यावर पिवळा क्यू झेंडा लावायचा आणि परवानगी मिळेपर्यंत तो उतरवायचा नाही, कुणी होडीवरून उतरायचंही नाही. युरोपातल्या मित्राच्या होडीवर पाहुणे म्हणून येत असाल तर स्वतःच्या व्हिसाची खात्री स्वतः करा. शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. परत युरोपात जाणार असाल तर तो एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, हेही निघण्याआधी बघा. एकदाचाच असेल तर परतीच्या बंदरात तुम्हाला उतरू देणार नाहीत.